कारणाचा रकाना

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी

यंदा शस्त्रपूजा मी एकटीने केली. दिवाकर सकाळीच एकलहऱ्याला गेले. वीज केंद्रातून निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, तरी खंडेनवमीला जुन्या मंडळींबरोबरची तिथली पूजा ते चुकवत नाहीत. (वहीत मी त्यांना नावाने लिहिते. शाळेत सिस्टर बेनेडिक्टा म्हणायच्या, रोजनिशीत माणसाला त्याच्या नावाने हाक मारावी. तोंडावर मात्र अडतीस वर्षं 'अहो'च.)

घरची पूजा एरवी आदल्या रात्रीच मांडून ठेवतात आणि निघण्यापूर्वी उरकतात; यंदा राहून गेली. पाटावर पाने, पक्कड, मल्टिमीटर. प्रत्येकाला गंधाचं एक बोट, झालं. कॉम्प्युटरला काही नाही. "तो आभाचा आहे," म्हणतात. आमची आभा पुण्याला गेली त्याला सहा वर्षं होतील. तिच्या खोलीतल्या त्या यंत्रावरची मी आधी फक्त धूळ पुसायचे.

यंदा ते माझं शस्त्र आहे. मी त्यावर योगिनीसाठी वाचते. योगिनी सटाण्याची, चौतीस वर्षांची, बँकेत टेलिफोन सांभाळते. बाविसाव्या वर्षी तिची दृष्टी गेली. एम.ए. इंग्रजी बाहेरून करते आहे. दोनदा एकच पेपर राहिला आणि या खेपेला नोंदणीची मुदतच संपते. पेपर २४ नोव्हेंबरला. त्यातलं निबंधांचं पुस्तक इतकं पुसट छापलेलं आहे की मोबाइलमधलं वाचणारं यंत्र भलतंच काहीतरी बडबडतं. म्हणून अकरा निबंध मी वाचून ध्वनिमुद्रित करायचे. दोन झाले.

तेव्हा आज साग्रसंगीत पूजा केली. हळद-कुंकू, झेंडू, आणि वर मूठभर अक्षता. माझे वडील पंचवटीत यात्रेकरूंचे उपाध्याय. ते म्हणायचे, अक्षता मोजून वाहू नयेत, देवाला आपली मूठ कळते. सीपीयूच्या डोक्यावर जाळी आहे. कुंकवाने रंगवलेले तांदूळ तिच्यावर फार शोभून दिसले.

९ ऑक्टोबर, गुरुवार

तिसरा निबंध पाठवला. योगिनीचा आवाजी निरोप आला.

"मावशी, फार छान. तुम्ही पूर्णविरामाला थांबता ना, तिथे मला श्वास घेता येतो. आई पण ऐकत बसते. विचारते, कोण शे ती बाई? तिला इंग्रजी एक अक्षर कळत नाही. आणि मावशी, एक विचारू? तुमच्या मागे बसून कुणी तांदूळ निवडतं का? बारीक आवाज येतो, टक, टक, सुपात खडा सापडल्यासारखा."

मला हसू आलं. दुपारी चारला आमच्याकडे कोण तांदूळ निवडणार. कामाला येणारी सुलाबाई तर दोनलाच जाते. कळवलं, यंत्राचा आवाज असेल गं, जुनं आहे.

पूर्णविरामाचं श्रेय सिस्टरांचं. देवळालीच्या त्या वर्गात त्या छडी टेबलावर अलगद ठेवायच्या आणि म्हणायच्या, वाक्य संपलं की ऐकणाऱ्याला मोकळं सोड. पंचवटीहून दोन बस बदलून मी जायचे. घरी मंत्र, शाळेत प्रार्थना. दोन्हीकडे एकच शिकवण, स्पष्ट म्हण.

१३ ऑक्टोबर, सोमवार

पाचवा निबंध शेवटच्या पानावर आला आणि पडदा काळा झाला. मला वाटलं लाईट गेली. पण ट्यूब चालू, पंखा चालू. बटण दाबून पाहिलं, काही नाही. पंचवीस मिनिटांचं वाचन गेलं. मी जतन करायला शेवटीच थांबले होते.

दहा मिनिटांनी दाबलं तर लगेच सुरू झाला, जणू काही घडलंच नाही. मी पुन्हा वाचायला बसले. बावीस मिनिटांनी पुन्हा तेच.

दिवाकर पेपर वाचत होते. म्हटलं, "अहो, कॉम्प्युटर बंद पडतोय."

"पडतोय की ट्रिप होतोय?"

"त्यात फरक काय?"

"पडणं म्हणजे संपणं. ट्रिप म्हणजे स्वतःला वाचवण्यासाठी थांबणं." त्यांनी चष्मा काढला. निवृत्तीनंतर इतकं ताठ बसलेलं मी त्यांना पाहिलं नव्हतं. "कारण सापडेपर्यंत आता तो लावायचा नाही, अनू."

१४ ऑक्टोबर, मंगळवार

दिवाकरांनी वही घातली. लाल रेघांची, रकाने आखलेली. वेळ, लोड, लक्षण, कारण. नोकरीतही अशीच होती. कारणाच्या रकान्यात खात्री नसेल तर शब्द लिहायचा नाही, कोरा ठेवायचा. एकदा त्यांच्या हातून एक चुकीचा स्विच दाबला गेला होता. नुकसान काहीच नाही, कुणी पाहिलंही नव्हतं. तरी स्वतःच्या अक्षरात लिहून आले, 'कारण: माझी चूक. दि. वा. गोसावी.' त्या वर्षी बढती दुसऱ्याला गेली. घरी येऊन मला म्हणाले, "भाजी कुठली आहे?" एवढंच.

लावायचा नाही म्हणाले खरे, पण मोजमापासाठी स्वतः तीनदा लावला. तेवढ्यात मी पाचवा निबंध तुकड्यातुकड्याने वाचून, जतन करत, पाठवून दिला. बावीस मिनिटं. एकोणीस. सतरा.

"कमी कमी होतंय," मी म्हटलं.

"ते कळतंय मला," असं म्हणाले आणि मग हळूच, "वाचलंस छान हं मघाशी."

१६ ऑक्टोबर, गुरुवार

प्लग बदलला. मग त्याच बोर्डावर मिक्सर लावून दाखवला, म्हणजे दोष भिंतीचा नाही. डब्याची बाजू उघडली तर आत धुळीचा थर. समोरचा रस्ता सिंहस्थासाठी खोदून ठेवलाय, धूळ सगळ्या घरात. ब्रशने झाडलं. मग मेमरीची पट्टी काढून तिचे सोनेरी दात खोडरबराने घासले. खोडरबर माझं. "शाळेचं अजून आहे?" त्यांनी विचारलं. आहे, का नसावं.

सतरा मिनिटं.

सुलाबाई फडकं पिळत म्हणाली, "बाई, लय जुनं झालं ते. भंगारवाला आला तर देऊन टाका."

"सुलाबाई, मीही जुना झालोय," दिवाकर म्हणाले.

"तुम्हाला कोन घेतं, काका."

१८ ऑक्टोबर, शनिवार

आभाला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "आई, मी लॅपटॉप पाठवते. दिवाळीनंतर आठवड्यात येईल. बाबांना त्या डब्यात हात घालू देऊ नकोस."

ते शेजारीच होते. जेवताना म्हणाले, "बिघडलं म्हणून बदललं, का बिघडलं ते माहीत नाही. मग नवं तरी का टिकावं?"

मधल्या काळात मोबाइलवर वाचून पाहिलं. मध्येच दोन फोन आले, एक गॅसवाल्याचा. योगिनी हसून म्हणाली, "मावशी, तुम्ही विहिरीत बसून वाचताय." तिने तक्रार केली नाही. पण सहा निबंध उरलेत आणि ती प्रत्येक तीनदा ऐकते. दहा नोव्हेंबरच्या पुढे गेलं तर पाठवून काय उपयोग.

दिवाकरांना सांगितलं, एक तारखेपर्यंत झालं नाही तर मी आभाला हो म्हणणार. "बरं," म्हणाले. मला त्यांचा चेहरा बघवला नाही.

२६ ऑक्टोबर, रविवार

दिवाळी झाली. आज योगिनी आली, धाकटा भाऊ अमितबरोबर. भाऊबिजेला तो तिच्याकडे असतो, पंचवटीत काहीतरी काम होतं म्हणून तिला आमच्याकडे सोडून गेला. पहिल्यांदाच प्रत्यक्ष भेट. मी दार उघडून "ये" म्हटलं आणि ती थांबून हसली. "आवाज बरोबर आहे. उंची कमी निघाली."

अनारसा खाल्ला, दुसरा मागून घेतला. मग म्हणाली, मला ते यंत्र दाखवा. तिने दोन्ही हात डब्यावर ठेवले, वरच्या जाळीवर बोटं फिरवली. दिवाकरांनी बटण दाबलं. ती कान लावून बसली.

"तो आवाज नाही आता."

"कसला आवाज?" दिवाकरांनी विचारलं.

"काका, तिसऱ्या, चौथ्या निबंधात होता. तांदूळ निवडल्यासारखा. पाचव्यात थांबला. मावशींना सांगितलं होतं मी."

"तांदूळ," दिवाकर म्हणाले.

"मी आपली गंमत केली."

"नाही, नाही. बरोबर ऐकलंस तू." त्यांनी डब्याच्या मागे तळहात धरला. "खालून वारा यायला हवा. येत नाही."

 योगिनी गेल्यावर मी विचारलं, काय झालं? म्हणाले, तिचे कान आमच्या कंट्रोल रूममध्ये हवे होते.

आज रात्री वाटतं, मी तिला किती सहज 'जुनं आहे' म्हणून टाकलं. तिने सांगितलेलं त्यांनी एका वाक्यात घेतलं.

२९ ऑक्टोबर, बुधवार

आज मी दिवाकरांचा हेल्पर. भिंतीतली वीज कॉम्प्युटरला झेपेल अशी करून देणारा एक लोखंडी डबा आत तळाशी असतो, त्याला एसएमपीएस म्हणतात. संशय त्याच्यावर. त्याच्यातून वायरींचा जाड जुडगा निघतो. त्यांनी तो सगळीकडून सोडवला आणि हात पुढे केला. "आकडा दे."

"कसला?"

"अंबाड्यातला."

मी केसांतला आकडा काढून दिला. त्याचा काळा रंग त्यांनी पात्याने खरवडला आणि एक टोक हिरव्या वायरीच्या भोकात, दुसरं काळ्या. म्हणजे डब्याला वाटतं, बटण दाबलं. माझ्या आकड्याने वीज फसते हे मला या वयात कळलं.

डब्याला मोठा पंखा आहे, वर तोंड करून. तो फिरायला हवा. एकदा हलला, उचकी लागल्यासारखा, आणि थांबला.

"मीटरचे आकडे वाच," म्हणाले. "पिवळी वायर. बारा यायला हवेत."

"अकरा पूर्णांक चार. अकरा पूर्णांक एक. दहा पूर्णांक नऊ."

"थांबू नको."

"दहा पूर्णांक सात."

"बास. गेला." मग माझ्याकडे बघून हसले. "पूर्णविरामाला थांबलीस."

पंखा थांबला, म्हणून डबा तापला, म्हणून आतले भाग भाजले. तापला की थांबायचा, निवला की चालायचा, आता तेही होणार नाही. नवा आणायचा. पण पंखा का थांबला ते आत बघितल्याशिवाय कळणार नाही, आणि आत बघायचं तर आज नाही. बंद केल्यावरही त्यात वीज साठून राहते. म्हणाले, "त्याला तीन-चार दिवस शांत बसू दे. आणि मी उघडीन तेव्हा तू हात लावायचा नाहीस."

मी एक तारखेची आठवण करून दिली नाही.

२ नोव्हेंबर, रविवार

दुपारी दिवाकर तो डबा घेऊन मागच्या गॅलरीत बसले. मी दारात उभी. चार स्क्रू निघाले, झाकण अर्धं उचललं, आत टॉर्च मारला. मग झाकण तसंच धरून म्हणाले, "अनू, चहा टाकतेस? आलं घालून."

आलं किसून, चहा करून मी परत आले तर झाकण लागलेलं, स्क्रू पिळलेले.

"काय निघालं?"

"आतले तीन कपॅसिटर फुगलेत. भाजलेत."

"आणि पंखा?"

त्यांनी बशीत चहा ओतला. एरवी बशीने पीत नाहीत. "खंडेनवमीला मी एकलहऱ्याला होतो, नाही?"

"हो. मी केली ना पूजा. कॉम्प्युटरचीसुद्धा. तुम्ही कधी करत नाही त्याची."

"छान केली असशील."

"मग. झेंडू वाहिला, मूठभर अक्षता. वडील असते तर खूश झाले असते."

"तुझे वडील," ते म्हणाले, आणि बशी खाली ठेवून, "मोठ्या मनाचा माणूस. मूठ राखली नाही कधी."

त्यांनी माझ्या वडिलांना असं चांगलं म्हटलेलं मी प्रथमच ऐकलं. लग्नात दक्षिणेवरून दोघांचं जे झालं ते झालं, त्यानंतर ते नावही टाळायचे. मला भरून आलं. पंख्याचं विचारायचं राहूनच गेलं.

संध्याकाळी सोसायटीच्या अंगणात तुळशीचं लग्न. दिवाकरही आले, त्याच शर्टात. मंगलाष्टकं अगदी मोठ्याने म्हणाले.

३ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी शर्ट भिजवायला घेतला तर खिशात रंगीत तांदूळ. सहा-सात दाणे, काही अर्धवट, धुळीने माखलेले. म्हटलं, "अहो, तुळशीवर अक्षता टाकायच्या सोडून खिशात घेऊन आलात? एवढं मोठ्याने मंगलाष्टक म्हणून?"

"राहिल्या," ते म्हणाले.

"राहतात कशा? बिचारी तुळस अर्ध्या अक्षतांची नवरी झाली."

"चुकलं," म्हणाले, आणि दाणे माझ्या हातातून घेऊन कुंडीत टाकले. फार निमूटपणे. मलाच वाईट वाटलं.

मग कॅनडा कॉर्नरला राकेशच्या दुकानात. आभाच्या वर्गातला मुलगा, आता टक्कल पडतंय. दिवाकरांनी चिठ्ठी काढली, वॉट किती, वायरी किती लांब, कुठली पिन. राकेश म्हणाला, "काका, तुम्हीच बसा गल्ल्यावर, मी घरी जातो."

नवा डबा काढून दिला आणि जुन्याकडे हात केला. "हा इथेच ठेवा, खोलून बघतो का गेला."

"नको. मला कळलंय."

"काय?"

"वय."

"सात-आठ वर्षांत? काका, आत काहीतरी गेलं असणार. परवा एका डॉक्टरांच्या पंख्यात पाल निघाली. पंखा अडकला की..."

"वय झालं त्याचं," दिवाकर म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण राकेशने हात मागे घेतला. जुना डबा आम्ही पिशवीतून परत आणला. भंगारात ते स्वतः टाकणार आहेत म्हणे.

घरी येताना रिक्षात मी म्हटलं, बिचाऱ्या पोरावर का डाफरलात? त्यांनी पिशवी मांडीवर ओढून घेतली.

४ नोव्हेंबर, मंगळवार

नवा बसवला. चारही स्क्रू मी पिळले. वायरी त्यांनी एकेक ओळखून लावल्या, उरलेल्या माझ्या भरतकामाच्या दोऱ्याने बांधल्या. बटण दाबण्याआधी माझ्याकडे पाहिलं. "तू."

पंखा इतका हळू फिरतो की फिरतोय हे बघूनच कळतं. बारा पूर्णांक एक. मी वाचलं, त्यांनी लिहिलं.

मग एक गंमत. खिडकीची मच्छरजाळी उरली होती, तिचा तुकडा त्यांनी मापात कापून डब्याच्या डोक्यावर, जुन्या जाळीच्या वर, पक्का बसवला. "धूळ," म्हणाले. मी म्हटलं, धूळ याच्यातूनही जाईल. "मोठी धूळ," म्हणाले.

सहावा निबंध वाचायला बसले तेव्हा खुर्ची ओढून मागे बसले. नवा सेट लावला की बहात्तर तास नजर ठेवायची, हा त्यांचा नियम. आभाला फोन करून सांगितलं, लॅपटॉप नको. ती म्हणाली, "बाबांनी केलं?" मी म्हटलं, आम्ही केलं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

बहात्तर तास आज दुपारी संपले. सात आणि आठ झाले, नववा अर्धा. ते अजून मागे बसतात. विचारलं तर म्हणाले, "लोडवर बघायला हवं."

त्यांची वही टेबलावर उघडी होती. पाहिली. तारखा, मिनिटं, माझ्या आकड्याचीही नोंद आहे, 'जंपर: केसांचा आकडा (अ.)'. आणि शेवटी कारणाच्या रकान्यात, त्यांच्या त्याच सरळ अक्षरात, 'वय.'

मी तो शब्द दोनदा वाचला. पंखा का थांबला, काहीच नाही. ज्या माणसाने स्वतःची चूक नाव घालून लिहिली, बढती घालवली, तो आता 'वय' लिहून वही मिटतो. मला काळजी वाटली. मन थकतं तेव्हा असंच होत असेल, माणूस कारणाच्या मागे जायचं सोडतो. पण मी काही बोलणार नाही. अडतीस वर्षांत त्यांना एकदा तरी सैल राहू द्यावं.

रात्री झोपताना म्हणाले, "पुढच्या खंडेनवमीला मी एकलहऱ्याला जाणार नाही. घरची पूजा मी करीन. कॉम्प्युटरचीसुद्धा."

"अक्षता वाहाल?"

"वाहीन ना. पुढ्यात, ताटलीत."

देवाचं नाव न घेणारा माणूस. वय झालं की ओढ लागतेच.

१० नोव्हेंबर, सोमवार

अकरावा निबंध पावणेपाचला संपला. शेवटचं वाक्य वाचलं आणि सिस्टरांनी शिकवलं तसं तीन मोजेपर्यंत थांबले. मागे खुर्ची करकरली नाही. ते उठले नव्हते.

सगळं पाठवलं. तासाभराने योगिनीचा निरोप आला.

"मावशी, मिळालं. अकराच्या अकरा. चौदा दिवस आहेत, तीनदा ऐकून होईल, चौथ्यांदा आईसाठी लावीन. आणि तुमच्या मागचे तांदूळ निवडून झाले वाटतं, एक खडा वाजत नाही. पण आता दुसराच आवाज आहे. कुणीतरी श्वास घेतंय. तुम्ही वाचता तोवर रोखून धरतं, आणि पूर्णविरामाला सोडतं. सहाव्यापासून अकराव्यापर्यंत, प्रत्येक पूर्णविरामाला. काय आहे ते?"

मी कानाला लावून सातवा निबंध ऐकला. नंतर आठवा.

दिवाकर स्वयंपाकघरात चहाला आलं किसत होते. मी त्यांना निरोप ऐकवला नाही. योगिनीला लिहून पाठवलं, "नवा पंखा आहे गं."